कच्ची पिन

लष्करी ट्रकच्या पुढच्या बंपरवर तारेच्या दोराचा जो विंच असतो, त्याच्या शाफ्टमध्ये बोटापेक्षा बारीक एक पिन बसवलेली असते. मऊ धातूची. विंचचे गिअर, शाफ्ट, दोर, हूक हे सगळं तगडं, आणि मध्येच ही मुद्दाम कच्ची ठेवलेली वस्तू. ओढायचं वजन ठरल्यापेक्षा जास्त झालं की सगळ्यांत आधी ती तुटते, इंजिनची ताकद विंचपर्यंत पोचायची थांबते आणि बाकीचं वाचतं. कोरियापासून व्हिएतनामपर्यंत अमेरिकन सैन्याने वापरलेल्या एम-३५ या अडीच टनी ट्रकचा पुढचा विंच १०,००० पौंडांचा होता. त्यातही अशीच पिन होती. इंग्रजीत तिला शिअर पिन म्हणतात. माझे मामा तिला ‘कच्ची पिन’ म्हणतात.

मामांचा क्रेनचा धंदा आहे, जयसिंगपूरच्या बाजूला. तिथून कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही जवळ. नरसोबाच्या वाडीला दोघी एकमेकींना मिळतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात या पट्ट्याचं काय झालं ते महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. टीव्हीवर न दिसलेली एक गोष्ट म्हणजे नदीकाठच्या मोटरी. पाणीपुरवठा संस्थांचे पंप नदीच्या अगदी काठाला असतात आणि दर पावसाळ्यात पाणी चढायच्या आत मोटरी वर काढाव्या लागतात. छोटी मोटर चार माणसं चेनब्लॉक लावून काढतात. पण संस्थेची दीड-दोनशे हॉर्सपॉवरची मोटर टनाच्या आसपास भरते. तिथे हायड्रा बोलवावी, तर ती रस्त्यावरची राणी. ओल्या काळ्या मातीत शंभर फूट गेली की तिलाच काढायला दुसरं काहीतरी बोलवावं लागतं. २०१९ मध्ये मामांची हायड्रा अशीच चिखलात अडकून राहिली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत संस्थांच्या मोटरी पाण्याखाली गेल्या. त्यानंतर त्यांनी एकच धोशा लावला: चिखलात जाणारी क्रेन पाहिजे.

चिखलात जाणारी गाडी कोणती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एका भंगारवाल्याकडून शक्तिमान घेतला. सैन्याने लिलावात काढलेला, दोन हात बदलून आलेला. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने हा ट्रक जबलपूरला १९५९ पासून बनायला लागला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिला. चारही चाकांना जोर, उंच पोट, साधं इंजिन. आमच्या मामींच्या शब्दांत, ‘म्हातारा पण खमका’. पतसंस्थेचं कर्ज काढून मामांनी ट्रक घेतला, त्याच कर्जातून वापरलेली सहा टन-मीटरची घडीची हायड्रॉलिक क्रेन घेतली, आणि दोन्ही वस्तू गॅरेजच्या दारात शेजारी-शेजारी ठेवून मला म्हणाले, “इंजिनिअर हाईस न्हवं? आता ह्याला त्याचा जीव कसा जोडायचा, ते सांग.”

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. २०२० मध्ये ऑफिस बंद झालं आणि मी लॅपटॉप घेऊन मामांकडे राहायला आलो होतो. दिवसा मीटिंगा, संध्याकाळी गॅरेज, असं जवळजवळ वर्षभर चाललं.

जीव जोडायचा म्हणजे पीटीओ बसवायचा. शेतकऱ्याला पीटीओ समजावून सांगावा लागत नाही; ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या ज्या शाफ्टवर रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर चालतो, तोच. ट्रकमध्ये तो गिअरबॉक्सच्या बाजूला बसतो. बहुतेक जड ट्रकांच्या गिअरबॉक्सला बाजूला एक झाकण असतं, ते याचसाठी. झाकण काढलं की आतला काउंटरशाफ्ट दिसतो. गाडी न्यूट्रलला असली तरी क्लच सोडला की हा शाफ्ट इंजिनबरोबर फिरतच असतो. त्याच्या एका दात्यात आपला दाता अडकवायचा आणि ती फिरकी बाहेर आणून हायड्रॉलिक पंपाला द्यायची. गाडी जागेवर उभी, चाकं गप्प, आणि इंजिन दुसऱ्याच कामाला लागलेलं.

ट्रकच्या इंजिनवर हायड्रॉलिक क्रेन चालवायची कल्पना आली स्वीडनमधून. एरिक सुंदीन नावाच्या, स्की बनवणाऱ्या एका कारखानदाराने १९४४ मध्ये हियाब ही कंपनी काढली आणि १९४७ मध्ये तिची पहिली ट्रकवरची क्रेन आली. आज जगभर कुठल्याही ट्रकवरच्या अशा क्रेनला लोक सरसकट ‘हियाब’ म्हणतात, जसं आपण कुठल्याही पिकअप क्रेनला ‘हायड्रा’ म्हणतो.

दाते अडकवताना एक गंमत कळली. दोन दात्यांमध्ये केसाएवढी फट लागते, पाव मिलीमीटरच्या आसपास. झाकणाच्या जागी कागदासारखे पातळ गॅस्केट कमी-जास्त करून ती जमवतात. मी गेज आणून मोजायला बसलो. मिस्त्रींनी नुसता कान लावला आणि म्हणाले, “रडली तर घट्ट, बडबडली तर ढिली. आता गप हाय.” गेजनेही तेच सांगितलं.

ताकदीचं गणित मी कागदावर मांडलं आणि मलाच आश्चर्य वाटलं. पंप एका फेऱ्यात ४० घन सेंटीमीटर तेल ढकलतो. मिनिटाला १,००० फेरे म्हणजे ४० लिटर. दाब २०० बार. लिटर गुणिले बार भागिले ६००, एवढंच सूत्र आहे. उत्तर आलं साधारण १३ किलोवॅट, म्हणजे १८ हॉर्सपॉवर. एका मोटरसायकलएवढी ताकद. ट्रकच्या इंजिनला हे काम म्हणजे जाता-जाता पिशवी उचलून देणं. आणि याच दाबाने साडेबारा सेंटीमीटर व्यासाचा सिलिंडर सुमारे २५ टनांचा रेटा देतो. बूमच्या मुळाशी हा रेटा अगदी छोट्या भुजेवर लागतो आणि टोकाला लांब भुजेवर वजन लटकतं, म्हणून २५ टनांचे शेवटी टन-दोन टन उरतात. पण मुद्दा हा की अशा यंत्रात ताकद ही अडचणच नसते. अडचणी सुरू होतात ताकद मिळाल्यावर.

पहिली अडचण चासीची. लष्करी ट्रक चिखलात चालतो, कारण त्याची चासी पिळवटते. एक चाक खड्ड्यात, दुसरं दगडावर, अशा वेळी दोन लांब चॅनेलची ती शिडी कपडा पिळावा तशी थोडी पिळली जाते आणि चारही चाकं जमिनीला धरून राहतात. क्रेनला मात्र अजिबात न पिळणारा पाया हवा असतो. ज्या गुणासाठी मामांनी ट्रक घेतला, तो गुण क्रेनला नको होता. यावर उपाय म्हणजे सबफ्रेम: चासीवर दुसरी एक मजबूत चौकट, क्रेनच्या खाली घट्ट बोल्ट केलेली आणि मागच्या बाजूला स्प्रिंगच्या बोल्टवर, म्हणजे खालची चासी तिथे मोकळेपणी पिळू शकेल. चासीला वेल्डिंग करायचं नाही. उष्णतेने तिथलं लोखंड बदलतं आणि पुढे बरोबर त्याच जागी तडा जातो. भोकं पाडायची तर चॅनेलच्या उभ्या पट्टीत. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, कारण वाकताना सगळा ताण त्यांच्यावर येतो. मिस्त्रींना यातलं बरंचसं आधीच ठाऊक होतं. का ते मला ठाऊक होतं. असं आमचं जमत गेलं.

दुसरी अडचण कलंडण्याची. क्रेनसकट गाडी वजनकाट्यावर ७ टन भरली. क्रेनचे बाजूचे पाय न काढता बाजूला वजन उचललं, तर गाडी चाकाच्या रेषेवर कलंडते. ती रेषा गाडीच्या मध्यापासून ९० सेंटीमीटरवर. म्हणजे गाडीला सावरून धरणारा जोर ७ गुणिले ०.९, साधारण ६.३ टन-मीटर. मध्यापासून ६ मीटरवर १ टन लटकवला, तर पाडणारा जोर ५.१, आणि त्यात बूमचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. खाली स्प्रिंगा दबणार त्या वेगळ्याच. म्हणजे गाडी गेलीच. पाय मध्यापासून २ मीटरवर टेकवले, की सावरणारा जोर १४ होतो आणि पाडणारा ४. एवढ्याशा पायांनी सगळा हिशेब पालटतो. मात्र तो पाय ज्या जमिनीवर टेकतो, ती जमीन या गणितात नाही. एक फूट बाय एक फुटाच्या तव्यावर सहा टन आले, तर एका चौरस सेंटीमीटरवर साडेसहा किलो होतात. भिजलेल्या काळ्या मातीला एक किलोही जड जातो. म्हणून मामा रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर कायम गाडीत ठेवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह. विंचला जशी कच्ची पिन, तसा हायड्रॉलिकला हा व्हॉल्व्ह. आत एक स्प्रिंग असते. तेलाचा दाब ठरलेल्या आकड्यापुढे गेला की स्प्रिंग दबते, वाट उघडते आणि तेल बूमकडे जायचं सोडून परत टाकीत जातं. काही तुटत नाही. बूम नुसती थांबते आणि व्हॉल्व्हमधून सुंऽऽ असा आवाज येतो. पिनेपेक्षा हा कितीतरी सभ्य नकार आहे. पण पिनेत नसलेला एक दोष त्याच्यात आहे: त्याला स्क्रू असतो. अ‍ॅलन की घालून अर्धा आटा पिळला की स्प्रिंग घट्ट होते, दाब वाढतो आणि मघाशी नाही म्हणणारी क्रेन हो म्हणायला लागते.

पहिला खरा पावसाळा आला तो २०२१ चा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस असा लागला की दोन दिवसांत नद्या पात्राबाहेर आल्या. मामांचा फोन दिवसभर वाजत होता. पहिल्या दोन मोटरी निघाल्या. हायड्रा जिथे गेली नसती, तिथून शक्तिमान गुरगुरत वर आला, तेव्हा गॅरेजची पोरं नाचली होती. तिसरी मोटर एका संस्थेची, बेससकट अकराशे किलोची. तिथे काठाचा एक तुकडा रात्रीच ढासळला होता. गाडी सात मीटरपेक्षा जवळ जाईना. खाली खड्ड्यात दोन पोरं पट्टा बांधून उभी, पाणी त्यांच्यापासून दोन-तीन फुटांवर.

मिस्त्रींनी लिव्हर ओढला. पट्टा ताणला गेला, मोटर जागेवरून हलली न हलली, आणि व्हॉल्व्ह सुंऽऽ करायला लागला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. सहा टन-मीटरच्या क्रेनला सात मीटरवर अकराशे किलो म्हणजे ७.७ होतात. क्रेन बरोबर बोलत होती.

संस्थेचे सेक्रेटरी छत्री टाकून पुढे आले. “मालक, अर्धा आटा पिळा की त्यो. दरवर्षीचं गिऱ्हाईक हाय आमी. पानी थांबनार हाय व्हय?”

मिस्त्रींनी मामांकडे बघितलं. अ‍ॅलन की त्यांच्या खिशातच होती. मामांनी माझ्याकडे बघितलं.

मी मनातल्या मनात हिशेब करत होतो आणि खरं सांगायचं तर कागदावर गाडी कलंडत नव्हती. पाय बाहेर होते. सावरणारा जोर १४, पाडणारा साडेपाच. क्रेनच्या लोखंडात बनवणाऱ्याने थोडी माया ठेवलेली असतेच, होजही रोजच्या दाबाच्या चौपटीला फुटणारा असतो. आटा पिळला असता तर बहुधा मोटर वर आली असती. पण नदीकडच्या पायावर पाच-सहा टन येणार होते, आणि तो पाय ज्या काठावर होता त्याचा शेजारचा तुकडा रात्रीच गेला होता. त्याचा आकडा कुठल्याही कागदात नव्हता. व्हॉल्व्हला काठाबद्दल काही कळत नाही, त्याला फक्त दाब कळतो. तरी त्या क्षणी तिथे नाही म्हणणारा तो एकटाच होता. मी म्हणालो, “मामा, तुम्ही ठरवा. पण पोरं तिथे नकोत.”

मामा खड्ड्याच्या तोंडाशी गेले आणि ओरडले, “या रं वर. पट्टा सोडा.”

सेक्रेटरी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बूम घडी करून आम्ही निघालो. संध्याकाळपर्यंत मोटर पाण्याखाली गेली.

परत येताना मामांनी मला जे सांगितलं, ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातले कॅनडा-अमेरिकेत बनलेले लष्करी ट्रक इथे मागे राहिले आणि पुढे कित्येक वर्षं आपल्या हायवेंवर ब्रेकडाऊन क्रेन म्हणून फिरले. मामा विशीत होते तेव्हा अशाच एका शेवरोलेवर हेल्पर होते, आंबा घाटात. दरीत गेलेला ट्रक विंचने ओढताना कच्ची पिन तुटली. दुसरी घातली, तीही तुटली. तेव्हा वस्तादांनी पिनेच्या जागी पक्का बोल्ट घातला. बोल्ट तुटला नाही. दोर तुटला. ताणलेला तारेचा दोर चाबकासारखा मागे आला आणि मामांच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या हेल्परचा पाय गुडघ्याखाली गेला. मामांच्याच वयाचा पोरगा होता. “पिन दोनदा सांगत हुती,” मामा म्हणाले. मग गॅरेज येईपर्यंत काही बोलले नाहीत.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पाणी ओसरल्यावर संस्थेला मोटर रिवाइंड करून घ्यावी लागली, तो खर्च सभासदांवर पडला, आणि मामांची क्रेन ‘ऐन वेळेला घाबरते’ असं गावभर झालं. पुढच्या वर्षी त्या संस्थेने दुसऱ्याची क्रेन लावली. त्याने मोटर काढली. त्याने आटा पिळला होता की नाही मला माहीत नाही, पण त्याला काहीही झालं नाही. मामांचे पतसंस्थेचे तीन हप्ते थकले. मामी एकदा जेवताना म्हणाल्या, “त्या दिवशी उचलली असती तर?” त्यावर उत्तर नव्हतं. न झालेला अपघात कुणाला दाखवता येत नाही. पाण्याखाली गेलेली मोटर मात्र सगळ्या गावाला दिसते.

माझ्या कामातही असे व्हॉल्व्ह असतात. सर्व्हरवर ठरावीक मर्यादेपुढे बोजा आला की नवीन विनंत्या नाकारायच्या, अमुक आकड्यावर अलार्म वाजवायचा. रात्री दोन वाजता अलार्म वाजतो तेव्हा मीटिंगमध्ये पहिली सूचना येते ती आकडा वाढवायची. बोजा कमी करायची सूचना दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर. आकडा वाढवणं ही एका ओळीची दुरुस्ती आहे, अर्ध्या आट्याएवढी. पूर्वी मी अशा दुरुस्त्यांना फारसं न बघता मंजुरी द्यायचो, सगळेच देतात. आता मी विचारतो, की खड्ड्यात कोण उभं आहे? बहुतेक वेळा कुणीच नसतं आणि मग मी आकडा वाढवूही देतो. पण विचारल्याशिवाय नाही.

शक्तिमान अजून चालतो. गाडीत बदल केले की आरटीओकडून ते नोंदवून घ्यावे लागतात, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे. त्या फेऱ्या मामांनी निमूटपणे मारल्या. नंबरप्लेट रंगवणाऱ्या पेंटरकडून आम्ही बूमवर मराठीत तक्ता काढून घेतला: २ मीटर, ३,००० किलो, ४ मीटर, १,५००, ६ मीटर, १,०००, आणि त्याखाली लाल अक्षरांत, ‘बूमचे वजन वजा धरावे’. शेतकरी तो वाचतात आणि घासाघीस करतात, “हजार लिवलंय, अकराशे धरा की.” मामा हसतात आणि खिशातून टेप काढतात. आता काम घ्यायच्या आदल्या दिवशी ते स्वतः नदीवर जाऊन अंतर मोजून येतात, काठ पायाने दाबून बघतात, आणि जमणार नसेल तर तेव्हाच सांगतात, म्हणजे संस्थेला दुसरी सोय करायला एक दिवस मिळतो. यात त्यांची काही कामं जातात. काही नवी येतात. हप्ते मागेपुढे भरले जातात.

व्हॉल्व्हचा स्क्रू आम्ही तार ओवून शिशाने सील केला. सील काय, पकडीने तुटतं. म्हणून मामांनी आणखी एक केलं. त्या मापाची अ‍ॅलन की गाडीच्या टूलबॉक्समधून काढून घरी आणली आणि देवघराखालच्या खणात ठेवली. मिस्त्रींना ते पटलेलं नाही. नदीवर कधी व्हॉल्व्ह खरंच बिघडला तर चौदा किलोमीटर घरी यायचं का, असं ते विचारतात. मामा म्हणतात, “या की. तेवढ्यात डोकं थंड हुतंय.”